बांगडा ताजा दिसत होता, तरी अंगावर पित्त उठलं! मटण-मासळी तपासतं कोण आणि दुकानात आपण काय बघायचं?

रविवारची दुपार होती. फ्लॅटवर बांगड्याचं तिखलं शिजलं होतं. माझा रूममेट मूळचा रत्नागिरीचा. त्यामुळे मासे निवडण्यापासून तिरफळं किती टाकायची इथपर्यंत सगळं खातं त्याच्याकडे. जेवून अर्धा तासही झाला नसेल, त्याचं तोंड लालबुंद झालं. कान तापले, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड आणि हातांवर गांधी उठल्या.

"अ‍ॅलर्जी असेल," मी म्हणालो.

"मला? बांगड्याची?" तो त्या अवस्थेतही चिडला. दात आल्यापासून बांगडा खाणाऱ्या माणसाला असं म्हणणं म्हणजे अपमानच.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मग दोन प्रश्न विचारले. मासा कोणता होता? आणि घेतल्यापासून शिजेपर्यंत किती वेळ बाहेर होता?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं देताना आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सकाळी नऊला मासे घेतले, पिशवी गाडीच्या हुकला अडकवली. मग मिसळ खाल्ली, चहा झाला, गॅरेजमध्ये गाडीचं काम केलं. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वर एप्रिलचं ऊन.

संध्याकाळपर्यंत तो ठीक झाला, पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. त्या बांगड्याचे डोळे चकचकीत होते, कल्ले लाल होते, वास नव्हता. रूममेटने बघूनच घेतला होता. मग चुकलं कुठं? आणि मुळात आपल्या ताटात येणारं मटण, चिकन, मासळी तपासायची जबाबदारी कुणाची असते?

तेच आज समजून घेऊ.

आधी त्या बांगड्याचं कोडं

बांगडा, तारली, कुपा म्हणजे टुना, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर तो गार ठेवला नाही, तर काही जीवाणू या हिस्टिडीनचं हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. अ‍ॅलर्जी झाल्यावर आपलं शरीर स्वतः जे रसायन सोडतं, ते हेच हिस्टामिन. इथे ते बाहेरून, थेट माशातून पोटात जातं. म्हणून लक्षणं हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखी दिसतात.

यात त्रासदायक गोष्टी तीन आहेत. एक, हिस्टामिन डोळ्यांना दिसत नाही आणि दर वेळी वासही येत नाही. दोन, ते उष्णतेने नष्ट होत नाही. एकदा तयार झालं की तळा, उकळा, कुकरच्या चार शिट्ट्या काढा, ते तिथेच राहतं. तीन, एकाच टोपलीतल्या एका बांगड्यात ते जास्त आणि दुसऱ्यात कमी असू शकतं. त्या दिवशी मीही तेच तिखलं खाल्लं होतं, मला काही झालं नाही.

आमच्या बाबतीत बर्फ आधी दुकानात कमी पडला की नंतर आमच्या गाडीवर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण यातून एक गोष्ट समजली. डोळे आणि नाक आपल्याला मासा ताजा दिसतोय का एवढंच सांगतात. तो सुरक्षित आहे का, हे ठरतं तो आपल्यापर्यंत कसा पोचला त्यावरून. आणि तो प्रवास तपासायला कुणीतरी असावं लागतं.

(एक सूचना : अशी लक्षणं दिसली आणि सोबत श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ओठ-जीभ सुजत असेल, तर 'पित्त असेल' म्हणत थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. खरी अ‍ॅलर्जी आणि हे, यातला फरक घरी बसून करता येत नाही.)

कागदावर जबाबदारी कुणाची?

देशात अन्नाच्या सुरक्षेसाठी एक मुख्य कायदा आहे, 'अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६'. तो प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. नियम बनवण्याचं काम केंद्राची एफएसएसएआय ही संस्था करते आणि राज्यात अंमलबजावणी करतं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो ते. दुकानात येऊन तपासणी करायचा आणि नमुना घ्यायचा अधिकार असतो अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला.

शिवाय महापालिका आणि नगरपालिका आहेतच. कत्तलखाने, मटण मार्केट, मच्छी मार्केट, तिथलं पाणी, गटार, कचरा हा त्यांचा विषय.

म्हणजे यंत्रणा आहे. पण मटण, चिकन आणि मासे या तिघांपर्यंत ती सारखी पोचत नाही.

मटण : पायावरचा शिक्का काय सांगतो?

मटणाच्या बाबतीत पद्धत सगळ्यात स्पष्ट आहे. जनावर अधिकृत कत्तलखान्यात यायला हवं. तिथे पशुवैद्यकीय डॉक्टर ते दोनदा तपासतात. पहिल्यांदा जिवंत असताना. ते नीट चालतंय का, ताप आहे का, नाका-तोंडातून स्राव आहे का, असं बघून. दुसऱ्यांदा कापल्यावर. तेव्हा यकृत, फुप्फुसं आणि गाठी बघतात, कुठे जंताच्या पिशव्या किंवा पू आहे का ते तपासतात. सगळं ठीक असेल तर अंगावर शिक्का मारतात.

मुंबईसाठी हे काम १९७१ साली सुरू झालेल्या देवनारच्या कत्तलखान्यात चालतं. २००१ च्या केंद्राच्या कत्तलखाना नियमांत तर एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, असंही लिहिलंय. घाईत केलेली तपासणी म्हणजे नुसता शिक्का, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं.

आता ग्राहक म्हणून आपली अडचण बघा. दुकानात आपल्याला दिसतात ते तुकडे. त्या बोकडाचं यकृत कसं होतं, तो आजारी होता का, हे पाव किलोच्या वाट्याकडे बघून कळत नाही. म्हणून शिक्क्याला महत्त्व आहे. जे आपण बघू शकत नाही, ते आपल्या वतीने कुणीतरी बघितलंय याची ती खूण.

मग साधं काम करा. टांगलेला अख्खा बोकड दिसत असेल, तर शिक्का कुठं आहे ते विचारा. अधिकृत कत्तलखान्यातून माल आणणारा खाटीक तो आनंदाने दाखवतो. लहान गावांत बऱ्याच ठिकाणी असा कत्तलखानाच नसतो, जनावर दुकानामागेच कापलं जातं. तिथे दुकानदाराची ओळख आणि दुकानाची स्वच्छता हाच काय तो आधार.

चिकन : समोर कापलं म्हणजे झालं?

कोंबडी बहुतेक ठिकाणी दुकानातच, आपल्या डोळ्यांसमोर कापली जाते. त्यामुळे आपल्याला वाटतं, याहून ताजं काय असणार?

ताजं आहे, यात वाद नाही. पण इथे मटणासारखा डॉक्टर नाही आणि शिक्काही नाही. कोंबडी निरोगी आहे की नाही, हे ठरवतो दुकानदार आणि थोडंफार आपण. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जीवाणू असतात, तिला त्याचा काही त्रास नसतो. कापताना आतडं फुटलं, पिसं काढायच्या ड्रममधलं पाणी घाण असलं, सुरी न धुता वापरली, की ते मांसावर येतात.

दिलासा एवढाच की हे जीवाणू शिजवल्यावर मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअसला शिजायला हवं. आपला रस्सा नीट उकळला आणि हाडाजवळचं मांस गुलाबी राहिलं नाही, तर ते काम होतं. घोळ होतो तो अर्धवट भाजलेल्या तंदुरीत, आणि कच्चं चिकन कापलेल्या सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरल्यावर.

मासे : तपासणी सगळ्यात अवघड

मासळीचा प्रवास मोठा असतो. समुद्रात बोट, मग बंदरावर लिलाव, मग ट्रक, होलसेल मार्केट आणि शेवटी आपल्या गल्लीतली पाटी. यातल्या प्रत्येक टप्प्यावर बर्फ लागतो. साधा हिशोब असा सांगतात की आपल्यासारख्या उष्ण हवेत जितकी मासळी, तितकाच बर्फ हवा.

परदेशी जाणाऱ्या कोळंबीसाठी मान्यताप्राप्त कारखाने, लॉटनिहाय चाचण्या, कागदपत्रं असं सगळं लागतं. तीच कोळंबी आपल्या मार्केटमध्ये आली, तर तिथे रोज टोपली-टोपली तपासणारी यंत्रणा नाही. अन्न सुरक्षा अधिकारी अधूनमधून येऊन नमुने घेतो, तेवढंच.

आता नमुन्याचं काय होतं तेही बघा. कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जपून ठेवायला आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाला अहवाल द्यायला १४ दिवसांची मुदत असते.

१४ दिवस! बिस्किटाच्या पुड्याला हे चालतं. पापलेट तोवर विकलं, खाल्लं आणि पचलेलंही असतं. म्हणजे अहवालामुळे दोषीवर कारवाई होऊ शकते, पण त्या दिवशी तो मासा खाणाऱ्याला वाचवता येत नाही. हीच अडचण २०१८ मध्ये गोव्यात फार ठळकपणे समोर आली.

गोव्यातला फॉर्मेलिनचा गोंधळ

जून २०१८ मध्ये केरळात अन्न सुरक्षा विभागाने 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत फॉर्मेलिन लावलेली काही हजार किलो मासळी पकडली. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवून केलेलं द्रावण. शवागारात आणि प्रयोगशाळेत मृत शरीरं टिकवायला ते वापरतात. खाण्याच्या पदार्थात ते वापरायला परवानगी नाही. फॉर्माल्डिहाइडला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

पुढच्याच महिन्यात गोव्याच्या एफडीएने मडगावच्या होलसेल मार्केटमध्ये बाहेरच्या राज्यांतून आलेल्या ट्रकमधली मासळी तपासली. महिना जुलैचा होता हे लक्षात घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. स्थानिक मासळी कमी, मागणी तीच, म्हणून माल लांबून येतो. जितका लांबचा प्रवास, तितका बर्फाचा खर्च मोठा आणि तितकाच शॉर्टकटचा मोहही.

जागेवर केलेल्या किटच्या चाचणीत फॉर्मेलिनचे संकेत मिळाले. त्यानंतर प्रयोगशाळेच्या तपासणीचा हवाला देऊन सांगण्यात आलं की प्रमाण 'मर्यादेत' आहे. लोक भडकले. जे रसायन वापरायलाच बंदी आहे, त्याची मर्यादा कसली? गोव्यात मासळी हा राजकारणाएवढाच जिव्हाळ्याचा विषय. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी बाहेरून येणाऱ्या मासळीवर १५ दिवसांची बंदी घातली. त्याच वर्षी पुढे, बाहेरून येणाऱ्या गाड्या थंडावा राखणाऱ्या हव्यात आणि व्यापाऱ्यांकडे नोंदणी हवी, अशा अटी आल्या.

मग 'मर्यादा' हा शब्द आला कुठून? इथे आपल्या लाडक्या बोंबलाची एन्ट्री होते.

काही माशांच्या शरीरात मेल्यावर फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होतं. बोंबील त्यातला पक्का मेंबर. म्हणजे कुणी काहीही न लावता बोंबलाची चाचणी केली, तरी त्यात ते सापडू शकतं. एफएसएसएआयने २०१९ मध्ये यासाठी दोन गट ठरवून दिले. सर्वसाधारण माशांसाठी किलोमागे ४ मिलिग्रॅम आणि बोंबलासारख्या, साठवणीत स्वतःहून फॉर्माल्डिहाइड बनवणाऱ्या माशांसाठी किलोमागे १०० मिलिग्रॅम. हे आकडे नैसर्गिक प्रमाणाचे आहेत. वरून फॉर्मेलिन लावायची मुभा यातून मिळत नाही.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनियासाठी कागदी पट्टीची झटपट चाचणीही तयार केली आहे. माशावर पट्टी घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. तपासणी नाक्यावर आणि मार्केटमध्ये अशा चाचण्या उपयोगी पडतात, कारण उत्तर १४ दिवसांत नाही तर काही मिनिटांत मिळतं.

आणि हो, 'माशी बसत नसेल तर फॉर्मेलिन आहे' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा नियम विसरा. बर्फात नीट ठेवलेल्या माशावरही माश्या कमीच बसतात. अशा एका फॉरवर्डने प्रामाणिक कोळणीचा दिवसाचा धंदा बसतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमधून कोरोना होतो या अफवेने चिकनचे भाव कसे कोसळले आणि पोल्ट्रीवाले कसे रडकुंडीला आले, हे आपण पाहिलंय.

आता कामाचं : मार्केटमध्ये काय बघायचं?

अख्खा मासा : डोळे फुगीर आणि पारदर्शक हवेत, खोल गेलेले आणि दुधाळ नकोत. कल्ले उचलून बघा, लाल किंवा गडद गुलाबी हवेत, तपकिरी-करडे नकोत. बोटाने दाबा, मांस लगेच वर आलं पाहिजे. पोट फुटलेलं नको. वास समुद्रासारखा चालेल, अमोनियाचा उग्र वास नको. "मावशी, कल्ले दाखवा" म्हटल्यावर कुणी रागावत नाही. रागावलंच, तर शेजारी दुसरी पाटी असतेच.

तुकडे केलेली सुरमई किंवा रावस : इथे डोळे आणि कल्ले नसतात, म्हणून शक्यतो अख्खा मासा निवडून समोर कापून घ्या. तुकडेच घ्यायचे असतील तर कडा सुकलेल्या, पिवळट किंवा बुळबुळीत नसाव्यात.

बोंबील : गुलाबीसर आणि चकचकीत हवेत. पिवळे पडलेले, तोंडाशी काळवंडलेले आणि हातात विरघळणारे नकोत.

कोळंबी : डोकं घट्ट हवं, कवच चमकदार हवं. डोकं हात लावताच गळत असेल किंवा काळे डाग पसरले असतील तर सोडून द्या.

तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या : तिसऱ्यांचे शिंपले बंद हवेत. उघडा शिंपला टिचकी मारल्यावर मिटला तर ती जिवंत आहे, नाही मिटला तर टाकून द्या. शिजवल्यावर न उघडलेल्याही टाका. चिंबोरी हलणारी आणि हाताला जड लागणारी घ्या.

मटण : फिकट ते मध्यम लाल रंग, पांढरी घट्ट चरबी, हाताला कोरडसर. हिरवट छटा, चिकट तार किंवा आंबट वास आला तर घेऊ नका.

चिकन : पिंजऱ्यातल्या कोंबड्या बघा. मान टाकून बसलेल्या, नाकातून पाणी गळणाऱ्या असतील तर त्या दुकानातून काही घेऊ नका. आधीच कापून ठेवलेलं चिकन गडद लाल-जांभळं दिसत असेल, त्यात रक्त साकळलेलं असेल, तर कोंबडी कापण्याआधीच मेलेली असू शकते.

मांसाआधी दुकान बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि आपण नेमका हाच सोडून देतो. मांस कसं दिसतंय हे दुकानदार पाणी मारून, लाइट लावून सुधारू शकतो. दुकान रोज कसं चालतं, हे लपवणं अवघड असतं.

एफएसएसएआयच्या परवाना नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये मटण-चिकनच्या दुकानाने काय पाळायचं ते लिहिलंय. भिंतींना जमिनीपासून किमान पाच फुटांपर्यंत टाइल्स हव्यात. माश्या येणार नाहीत अशी सोय हवी. कापायचा ठोकळा मांस खराब न करणाऱ्या कृत्रिम साहित्याचा, लाकडीच असेल तर घट्ट, टणक लाकडाचा हवा. टांगलेलं मांस ओल्या कपड्याने झाकायचं नाही. आपल्याकडे तर लाल फडकं ओलं करून टाकणं ही नेहमीची पद्धत. तो दमट कपडा जीवाणूंना आयतं घर देतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पाच गोष्टी बघा :

१. बर्फ किंवा फ्रीज आहे का? बर्फ माशाच्या वरही हवा आणि खालीही. थर्माकोलच्या बॉक्समध्ये नुसतं लालसर पाणी उरलं असेल, तर बर्फ कधीच संपलाय.

२. सुरी आणि ठोकळा धुवायला वाहतं पाणी आहे, की एकाच बादलीत सगळं बुचकळलं जातंय?

३. पैसे घेणारा हात आणि मांस कापणारा हात एकच आहे का?

४. कचरा झाकलेला आहे, की ठोकळ्याखालीच साठलाय?

५. एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लावलाय का? १ ने सुरू होणारा नंबर परवान्याचा, २ ने सुरू होणारा छोट्या दुकानाच्या नोंदणीचा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही तो छापणं बंधनकारक आहे. नंबर खरा आहे का, हे एफएसएसएआयच्या फॉसकॉस वेबसाइटवर तपासता येतं. मात्र नंबर आहे म्हणजे आजचा माल चांगला आहे असं नाही. दुकान नोंदीत आहे आणि काही झालं तर शोधता येईल, इतकाच त्याचा अर्थ.

यात दुकानदाराची बाजूही आहे. कित्येक मच्छी मार्केटमध्ये ओट्यांना नळ नाही, गटार तुंबलेलं, बर्फ विकत आणावा लागतो आणि दुपारपर्यंत वितळतो. पहाटे बंदरावर गेलेली कोळीण दहा-बारा तास त्याच ओट्यावर असते. तिला नियम दाखवताना, मार्केटला पाणी आणि बर्फ पुरवण्याची जबाबदारी असलेल्यांनाही प्रश्न विचारायला हवा. नगरसेवकाला मेसेज करायला हे चांगलं कारण आहे.

शेवटचा टप्पा आपल्याच हातात

आमच्या त्या रविवारकडे परत येऊ. दुकान कितीही चांगलं असलं तरी तीन तास उन्हात फिरवलेल्या पिशवीला अर्थ राहत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या वाढीचा आवडता पट्टा. अनुकूल हवेत काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात.

मांस-मासे खरेदीच्या यादीत शेवटी ठेवा आणि थेट घरी या. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, कडक उन्हाळ्यात एक तासच. लांब जायचं असेल तर बर्फ मागून घ्या. फ्रीजमध्ये कच्चं मांस झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. गोठवलेलं मांस ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवू नका, फ्रीजमध्येच खाली काढून ठेवा.

चिकन नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका. शिंतोडे सिंकभर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुवायचंच असेल तर भांड्यात पाणी घेऊन हळूच धुवा आणि नंतर सिंक, हात, सुरी साबणाने साफ करा.

काही गडबड झाली तर तक्रार कुठं?

पहिली गोष्ट, पुरावा ठेवा. बिल, दुकानाचा आणि नंबरचा फोटो, उरलेल्या मालाचा फोटो, त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी.

महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५. एफएसएसएआयचा आहे १८००-११२-१००. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या अ‍ॅपवरही तक्रार करता येते. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्याबद्दल कायद्याच्या कलम ५६ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

फार कमी लोकांना माहीत असलेला एक हक्कही सांगतो. कलम ४० नुसार तुम्ही, साधे ग्राहक, स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकता. अट एकच, घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. अहवालात माल नियमात बसत नाही असं निघालं, तर फी परत मिळते.

रील टाकणं सोपं आहे आणि त्याने व्ह्यूजही मिळतात. पण रीलवरून नमुना घेतला जात नाही. तक्रारीचा नंबर मिळाला की मग टाका हवं तर.

बाकी, आमच्याकडे बांगडा बंद झालेला नाही. तशी शक्यताही नव्हती. रूममेट आता मार्केटला जाताना झाकणाचा डबा घेऊन जातो आणि कल्ले उचलायच्या आधी विचारतो, "मावशी, बर्फ सकाळचा की आत्ताचा?" परवा मावशींनी त्याला वरून दोन मुठी बर्फ जास्त घातला आणि म्हणाल्या, "आता मिसळ खायला थांबू नको, सरळ घरी जा."